एक दिवस आड

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत एकतीस वर्षं मुलांना खरं बोलायला सांगितलं, आणि घरी येऊन रोज संध्याकाळी एक गोळी खोटं बोलून दिली. तेव्हा मला ते खोटं वाटत नव्हतं. पोर सांभाळायची म्हणजे असं काहीबाही करावं लागतं, अशी मी माझी समजूत घातली होती.

पोर माझ्या धाकट्या भावाची. भाऊ टेम्पो चालवायचा, आठ-आठ दिवस घराबाहेर असायचा. तो गेला तेव्हा ही दीड वर्षांची होती. वहिनी गेली तेव्हा पाच. मी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे हिला कोण बघणार याची नातेवाइकांत फार चर्चा झाली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपापल्या चपला शोधल्या. भावाकडून वहिनीला आणि वहिनीकडून या मुलीला जे आलं होतं, ते तिच्या रक्तात जन्मापासून होतं. एचआयव्ही. बघा, लिहितानासुद्धा शब्दावर यायला मला एवढा वळसा घालावा लागला.

वळसा घालायला कारण होतं. वहिनी आजारी होती तेव्हा आम्ही लालबागला राहत होतो. तिचा हॉस्पिटलचा कागद चाळीतल्या कोणीतरी पाहिला. मला कोणी काही बोललं नाही. त्या वर्षी गणपतीत मी दरवर्षीसारखी गॅलरीतल्या घरोघरी मोदकांची ताटली दिली. आम्हा कोकणातल्या लोकांत ताटली रिकामी परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. सगळ्या घरांतून साखर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा टाकायला खाली गेले, तर आमचे मोदक डब्यात पडलेले. माझ्या हाताच्या कळ्या मी ओळखणार नाही? मी वरून आमचा कचरा ओतला आणि घरी येऊन वहिनीला सांगितलं, सगळ्यांना आवडले.

वहिनी गेल्यावर वर्षभरात मी ती खोली सोडली आणि डिलाईल रोडच्या चाळीत आले. इथं कोणाला काही माहीत नव्हतं, आणि कळू द्यायचं नाही हे मी ठरवून टाकलं होतं. परळला हॉस्पिटलांना तोटा नाही, चालत जाता येतं. पण गिरणगावातल्या प्रत्येक चाळीतलं कोणी ना कोणी तिथं वॉर्डबॉय, आया, नाहीतर केसपेपरच्या खिडकीवर. म्हणून आम्ही दोन बस बदलून लांबच्या हॉस्पिटलात जायचो. शेजारणींनी विचारलं की मी सांगायचे, दातांना तार लावायचीय. आठ-नऊ वर्षं आम्ही दातांच्या तारेसाठी जात होतो. तार काही लागली नाही, आणि तेही कोणी विचारलं नाही.

गोळ्यांची बाटली घरी आली की मी तिचं लेबल खरवडायचे, गोळ्या माझ्या कॅल्शियमच्या जुन्या डबीत ओतायचे आणि वर कापसाचा बोळा ठेवायचे, म्हणजे डबी वाजायची नाही. रिकामी बाटली दोन चाळी पलीकडच्या कचऱ्यात. सहा वर्षांची असताना पोरीनं विचारलं, "आत्या, कसली गं गोळी?" मी म्हटलं, "रक्त वाढायची. तुझं रक्त लहानपणापासून कमी आहे. हिनं अंगात रक्त भरतं, ताकद येते, चक्कर येत नाही." आणि वर, "बाहेर सांगायचं नाही हं, नाहीतर सगळे तुला नाजूक म्हणतील." धंदाच समजावून सांगायचा माझा. इतकं नीट समजावलं की तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

हॉस्पिटलात गोळ्या मिळायच्या तिथं समुपदेशन करणाऱ्या एक ताई होत्या. वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, पण मला त्यांची भीती वाटायची. पोर दहा वर्षांची झाल्यापासून त्या तिला बाहेर बसवून मला म्हणायच्या, "बाई, आता थोडं थोडं सांगायला लागा. दुसरीकडून कळलं तर तिला जास्त लागेल." मी म्हणायचे, सहामाही होऊ दे. मग वार्षिक होऊ दे. मग पाळी नुकतीच सुरू झालीय, जरा स्थिरावू दे. मग आता नववी, पुढच्या वर्षी दहावी. ताई वहीत काहीतरी लिहायच्या. वर्गात गृहपाठ न आणणारी मुलं माझ्यापुढे जशी उभी राहायची, तशी मी त्यांच्यापुढे बसायचे.

चौदावं लागल्यावर पोर बदलली. गोळी घेताना माझ्याकडे पाठ करायची. वर्गातल्या मुली उंच झाल्या, ही बुटकीच राहिली, त्याचा राग माझ्यावर. शाळेची दोन दिवसांची सहल मी नाकारली, कारण गोळी तिथं सगळ्यांसमोर कशी घेणार? त्यावर तीन दिवस अबोला. "मला नक्की काय झालंय की मी कुठेच जायचं नाही?" असं तिनं विचारलं की मी आमटीला फोडणी द्यायला उठायचे.

तिला मैत्रीण म्हणावी अशी एकच होती, मागच्या गल्लीतल्या कोळणीची मुलगी. दोघी एका बाकावर, एका डब्यात. मैत्रीण काडीसारखी सडपातळ आणि वाऱ्यासारखी चपळ. चाळीमागच्या मैदानात मुलींचं गोविंदा पथक सराव करायचं. त्यात आमची बुटकी पण खांद्यानं भक्कम म्हणून दुसऱ्या थरात, आणि ती मैत्रीण तिसऱ्या थरात, हिच्याच खांद्यावर. मी आधी नाही म्हटलं. पुन्हा तोच प्रश्न आला, "मला काय झालंय?" या वेळी आमटी झाली होती, उठायला निमित्त नव्हतं. मी परवानगी दिली. आणि खरं सांगते, एकदा गॅलरीतून चोरून पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं. दात-ओठ खाऊन उभी होती, खांद्यावर दोन पाय घेऊन. कोणाला म्हणून शंका आली नसती.

श्रावणातली दुपार होती. श्रावणात मासळीचा धंदा मंद, म्हणून कोळीण मोकळी होती. ती माझ्याकडे आली यात नवल नव्हतं. एकेकाळी ती माझ्याच वर्गात होती, सातवीनंतर आईच्या टोपलीमागे गेली. आमच्या गल्लीतले लोक औषधांच्या चिठ्ठ्या, बँकेची पत्रं, शाळेचे फॉर्म मला वाचायला आणून देतात. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं, असा त्यांचा भरवसा. तिनं कनवटीची कागदाची पुडी सोडून माझ्यापुढे धरली. आत दोन पांढऱ्या गोळ्या होत्या.

"पोरीच्या कंपासात घावल्या, बाई. विचारलं तर तोंड उघडत नाय. आजकाल शाळेच्या बाहेर काय काय विकतात, तुमाला ठाव हाय. नशेचं तर नाय ना काय?"

मी चष्मा लावायचं नाटक केलं. गरज नव्हती. त्या गोळीवरची अक्षरं मी अंधारात बोटांनी वाचून दाखवीन.

मनात आलं, सांगून टाकावं, व्हिटॅमिनच्या आहेत, फेकून दे. तिनं विश्वास ठेवला असता. माझ्यापाशी दहा खोटी उत्तरं तयार होती. पण तिच्या मुलीनं अशा किती खाल्ल्या होत्या कोणास ठाऊक. मी म्हटलं, "नशेच्या नाहीत, एवढं नक्की. पण तिला यापुढे एकही खाऊ देऊ नकोस. आणि आज-उद्या सरावालाही पाठवू नकोस. उद्या संध्याकाळी ये, मी विचारून सांगते."

"तुमी बोलल्या, मंग मला घोर नाय," ती म्हणाली. चहा प्यायली, कप विसळून पालथा घातला आणि गेली. तिची ती निश्चिंती मला बघवेना.

संध्याकाळी पोर मातीनं माखून घरी आली. मी पुडी पुढे केली. ती जराही दचकली नाही.

"मीच दिल्या. तिचं रक्त कमी आहे, शाळेत तपासलं ना. शाळेतल्या लोहाच्या गोळ्यांनी तिला उलटी होते, ती फेकून देते. माझ्या गोळीनं उलटी होत नाही, म्हणून म्हटलं ही घे."

"कधीपासून?"

"गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला तेव्हापासून. एक दिवस आड. एक दिवस मी, एक दिवस ती. म्हणजे डबीत कमी पडल्या नसत्या."

मी तिच्या थोबाडीत मारली. एकतीस वर्षांत मी पट्टी उगारली असेल, हात कधी लावला नव्हता. हिला तर नाहीच. तिनं गालावर हात ठेवला आणि रडण्याऐवजी चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. "एवढं काय झालं? तूच म्हणतेस ना चांगल्या असतात."

ती शब्दन् शब्द माझंच बोलत होती. मी शिकवलेला धडा तिनं तोंडपाठ केला होता, आणि वर वापरूनही दाखवला होता. मी तिला गोळी दिली आणि ती तिनं माझ्यादेखत घेतली.

सकाळी दोन बस बदलून आम्ही हॉस्पिटलात गेलो. ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, आता तुम्हीच तिला सांगा. त्या म्हणाल्या, "मी शेजारी बसते. सांगायचं तुम्ही. तिला तुमच्या तोंडून कळायला हवं."

टेबलाच्या त्या बाजूला ताई, या बाजूला आम्ही दोघी. मला पहिलं वाक्य सुचेना. अख्खं आयुष्य मुलांना निबंधाची सुरुवात करून देण्यात गेलं. शेवटी म्हटलं, "तुझ्या गोळ्या रक्त वाढायच्या नाहीत."

मग तीच म्हणाली, "विज्ञानाच्या पुस्तकात आहे ते?"

"हो."

"एचआयव्ही?"

"हो."

तो धडा वर्गात झाला तेव्हा मागच्या बाकावरची मुलं तो शब्द एकमेकांना शिवीसारखा देत होती, हे तिनं मला कितीतरी दिवसांनी सांगितलं. त्या दिवशी तिच्या तोंडातून निघालेला पहिला प्रश्न वेगळाच होता.

"मग माझी गोळी खाऊन तिला होईल?"

ताई पुढे झुकल्या. "नाही गं. गोळीनं होत नाही. गोळी तर त्याला दाबून ठेवते. एकत्र खाण्यानं, मिठी मारण्यानं, खांद्यावर उभं राहण्यानं, कशानंच होत नाही."

पोरीचे खांदे खाली आले. मग ती माझ्याकडे वळली. "आईला होतं?"

"हो."

"बाबांना?"

"हो."

"मग तू सांगायचीस ती कावीळ?"

"नव्हती."

तिनं मान हलवली. मला वाटलं होतं आकांत होईल, ती मला नको नको ते बोलेल. मला ते चाललं असतं. ती उठली आणि डॉक्टरांपुढे बाही वर केली. डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला घेतलं. ते म्हणाले, इतकी वर्षं औषध नीट घेतल्यानं विषाणू सापडू नये इतका कमी होता, या खंडानंतर काय झालंय ते रिपोर्ट आल्यावर कळेल, आजपासून एकही दिवस चुकवायचा नाही. मैत्रिणीबद्दल म्हणाले, बहुतेक काही होणार नाही, पण तिला एकदा तपासायला आणा, आणि तिच्या रक्ताचा इलाज नीट करायला हवा. निघताना ताईंनी पोरीला दारात थांबवलं. "आता ही गोष्ट तुझी आहे. कोणाला सांगायचं, कोणाला नाही, हे तू ठरवायचंस. घाई नाही."

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी होती. ती पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागे उभी राहिली, थेट आमचा स्टॉप येईपर्यंत. तिच्या वेणीकडे बघत मी बसून होते. मला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, आणि तिला कसं वाटत असेल हे मनात येताच माझी मलाच लाज वाटली.

दुपारी मी हळूच म्हटलं, "तुझ्या मैत्रिणीची आई आता येईल. मी तिला सांगते, गोळ्या माझ्या होत्या, सांधेदुखीच्या. चुकून तुझ्या हाती लागल्या. तपासायला मी घेऊन जाते. तुझं नाव मध्ये यायला नको."

"परत?" ती एवढंच म्हणाली.

"अगं, ती बाजारात बसते. उद्या पथकातून काढतील तुला. नळावर, गॅलरीत... तुला माहीत नाही लोक काय करतात." आणि मग मी तिला मोदकांचं सांगितलं. कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. तिनं सगळं ऐकलं, उठून मला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "आत्या, ती आली की तू नको बोलूस."

कोळीण दिवेलागणीच्या आधी आली. खुर्ची दिली तरी नेहमीसारखी उंबऱ्याजवळ जमिनीवरच बसली. पोर तिच्यासमोर भिंतीला टेकून उभी राहिली, वर्गात कविता म्हणायला उभी राहतात तशी, हात मागे बांधून.

"मावशी, त्या गोळ्या माझ्या आहेत. मला एचआयव्ही आहे. जन्मापासून. मला काल माहीत नव्हतं, आज कळलं. मला वाटायचं त्या रक्त वाढायच्या आहेत, म्हणून मी तिला दिल्या."

कोळणीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिचा उजवा हात गुडघ्यावर होता, तो तिनं सावकाश पदराखाली घेतला. मी ते पाहिलं. पोरीनंही पाहिलं असणार, कारण ती भिंतीला आणखी चिकटली. मला वाटलं उठावं, पोरीला आत न्यावं, दार लावून घ्यावं आणि उद्याच दुसरीकडे खोली बघावी. पण मला बोलायची मनाई होती.

"माझे पोरीला काय व्हईल?"

"काही नाही होणार. डॉक्टर म्हणाले, गोळीनं होत नाही. पण एकदा तपासायला आणा म्हणाले. तिच्या रक्ताचं औषध वेगळं असतं."

"दोघी एका ताटात जेवता."

"त्यानं होत नाही."

"तुझे अंगावर उभी ऱ्हाते ती. गुडघे फुटतात, खरचटतंय..."

"नुसतं अंगाला अंग लागून नाही होत, मावशी. तुम्ही आमच्या ताईंना विचारा. मी नेते तुम्हाला." आवाज तिचा पार बारीक झाला होता, पण डोळे कोरडे होते. हॉस्पिटलात नाही, बसमध्ये नाही, मोदकांचं ऐकतानाही नाही, त्या दिवशी ती रडलीच नव्हती.

खालून सरावाची शिट्टी ऐकू आली आणि मुलींचा गलका. मग कोळीण अडखळत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "एक दिवस आड दिल्यास ना? म्हंजे जे दिवशी तिला दिल्यास, ते दिवशी तू?"

"नाही घेतली."

"आणि ती रोजची हाय? तुला?"

"हो."

"नाय घेतली तर?"

पोरीनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आजार डोकं वर काढतो."

कोळीण उठली. मला वाटलं निघाली. ती पोरीच्या समोर जाऊन उभी राहिली. मग पदराखालचा हात बाहेर आला आणि पोरीच्या गालावर टेकला, काल मी मारलं होतं त्याच.

"मंग तुझं काय गं, माझे बाय?"

कालपासून मी गोळ्या मोजल्या होत्या, दिवस मोजले होते, कोण काय म्हणेल याचा हिशेब केला होता. हा प्रश्न मी विचारला नव्हता. पोरीचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा मुरडला आणि ती त्या बाईच्या खांद्यावर कोसळली, मोठ्यानं, अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल अशी रडत.

"पण तिला चक्कर येत होती ना, मावशी," ती हुंदक्यांतून म्हणत होती. "वर उभी राहिली की तिचे पाय थरथरायचे. मला खांद्यावर कळायचं."